तिसऱ्या ओळीतलं बोलणं

१

आफ्रियेच्या कामाला तिच्या आईने कधी काम म्हटलं नाही. दिवसभर कानाला हेडफोन लावून आजारी माणसांचं तुटकं बोलणं ऐकायचं आणि ते जसंच्या तसं उतरवायचं, याला कोणी पगार देतं यावर त्या माउलीचा विश्वासच बसत नव्हता. पण कुमासीतल्या त्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला, वाचाउपचार विभागात, आफ्रिये गेली सहा वर्षं हेच करत होती. आणि आपल्याइतकं चांगलं ते कोणाला जमत नाही, हेही तिला पुरतं ठाऊक होतं.

कामाची पद्धत साधी होती. पक्षाघाताने किंवा डोक्याला मार लागून ज्यांची भाषा गेली आहे अशा माणसांना ताचिवा मॅडम आतल्या खोलीत बसवायच्या. कशी आहे तब्येत, काल काय केलं, विचारायच्या. मग एक चित्र दाखवायच्या: अंगणात उकडलेल्या कंदांचं फुफू कांडणारी बाई, आणि मागे मडकं उलथवणारी शेळी. माणूस जे बोलेल, न बोलेल, त्याचा ध्वनिमुद्रित नमुना काचेच्या अलीकडच्या खोलीत आफ्रियेकडे यायचा. डाव्या बाजूला बोलणाऱ्याची खूण: मॅडमसाठी एक, रुग्णासाठी एक. वाक्यागणिक नवी ओळ. मध्ये थांबला तर किती सेकंद थांबला तेही, दशांशापर्यंत. खोकला, खुर्चीची करकर, पायांचा आवाज, सगळं.

मॅडमचा नियम एकच होता. जे ऐकलं ते लिही. जे समजलं ते तुझ्याजवळ ठेव.

आफ्रियेला ही माणसं आवडायची. एक ट्रकचालक होता, त्याला सगळ्यासाठी 'मंगळवार' एवढाच शब्द उरला होता, आणि तो त्या एका शब्दात बायकोला रागवायचा, विनोद करायचा, पाणीही मागायचा. एक शाळामास्तरीण चमच्याला सुरी म्हणायची, चूक कळली की स्वतःलाच छडी मारल्यासारखा हात झटकायची आणि पुन्हा शोधायला लागायची. एका शब्दासाठी एवढं झटणारी माणसं धडधाकटांत तिने पाहिली नव्हती. म्हणून ती त्यांचं 'अं'सुद्धा गाळत नसे.

तिची स्वतःची एक खोड होती. आवाज अस्पष्ट असला की ती तो ऐकता ऐकता स्वतःच्या तोंडाने म्हणायची. कानाला न कळलेलं तोंडाला कळतं, असं तिचं म्हणणं. शेजारच्या टेबलावरचा फीफी तिला यावरून छळायचा. तो किनाऱ्याकडचा, फान्ती जमातीचा, बोलण्यात कोणाला हार जाणारा नव्हे.

"अगं आफ्रिये, चघळतेयस काय दिवसभर? थोडं आम्हालाही दे."

"तुझे नमुने चुकतात ना, म्हणून तुला भूक लागते," ती हेडफोन न काढता म्हणायची.

एकच नमुना दोघांनी वेगवेगळा उतरवून ताडून पाहायची पद्धत होती. त्यात चूक बहुतेक वेळा फीफीची निघायची, आणि तो मुकाट्याने पानात बांधलेले मक्याचे केंके आणि मासळी आणायला उठायचा.

२

राजदरबाराचे ओचामे दुओदू पहिल्यांदा आले तो मंगळवार होता, सकाळी दहाचा सुमार. सत्तरी ओलांडलेला उंच माणूस, डाव्या खांद्यावरून घेतलेलं गर्द निळं वस्त्र, पायात काळ्या रुंद सपाता. उजवा हात लुळा. बरोबर भाची होती, पोकुवा. मामांचं बोलणं गेलं होतं ती सगळी कसर ती एकटी भरून काढत होती.

"ताई, तुम्ही लिहिणार ना? नीट लिहा हं. आमच्या मामांनी एकतीस वर्षं दरबारची काठी धरलीय. राजा हळू बोलतो, ओचामे मोठ्याने सांगतो, हे सगळीकडेच. पण बाकीचे ओचामे पदरचा मीठमसाला घालतात. मामांनी कधी शब्द वाढवला नाही की गाळला नाही. राजाचं वाक्य जेवढं, मामांचं तेवढंच. लोक यायचे ऐकायला."

"आता काय अडलंय?" आफ्रियेने विचारलं.

"आता पंच म्हणतात, मुका ओचामे कशाला? सहा आठवड्यांनी मोठा दरबार आहे. तोवर इस्पितळाचा कागद आणा म्हणाले. बोलता येतं असं कागदावर आलं तर काठी राहील, नाहीतर माझ्या भावाकडे जाईल. काठी गेली तर मामा उरतील का हो?"

मामांनी डावा हात उचलून तिला गप्प केलं. मग आफ्रियेकडे वळून, घामाघूम होत, त्यांनी स्वतःचे दोन शब्द शोधून काढले.

"मुली... बरं."

आफ्रियेने लहानपणी वडिलांच्या गावी दरबार पाहिला होता. ओचामेने तोंड उघडलं की अख्खं मैदान चिडीचूप व्हायचं, ते तिला आठवलं. तसल्याच एका तोंडाला आता दोन शब्दांसाठी कपाळावर घाम येत होता. यांचा कागद मी असा लिहीन, तिने मनाशी ठरवलं, की एक श्वास वाया जाणार नाही.

त्या दिवसाचा नमुना तिने दुपारी लावला. मॅडम ओचामेंना विचारत होत्या, काय झालं होतं नाना? आणि नाना सांगत होते. पडलो. मग आठ सेकंद काही नाही. अंगण. मग पुन्हा शांतता, गिळल्याचा आवाज, आणि हात. हात मेला. असे एकूण अकरा शब्द, वीस मिनिटांत.

शेवटी मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला. "आता बरं वाटतंय का, नाना?"

जमिनीवर काहीतरी हलकेच सरकलं. एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा. मग शांतता. आणि मग एक भरदार, खणखणीत आवाज हेडफोनमध्ये इतका अचानक आला की आफ्रियेचा पाय आवाज थांबवायच्या पायपट्टीवरून निसटला.

"सांगणं असं आहे की अंगण झाडलेलं आहे, मडक्यात पाणी आहे, आणि काठी ज्या हातात होती त्याच हातात आहे, काळजी करणाऱ्यांनी आता बसून घ्यावं."

आवाज नानांचाच होता. कुठे अडखळणं नाही, कुठे श्वास मोडलेला नाही. आफ्रियेच्या अंगावर काटा आला तो तेव्हा निव्वळ आनंदाचा. तिने ते वाक्य पुन्हा लावलं आणि त्याच्यामागोमाग मोठ्याने म्हटलं, आणि ते तिच्याही तोंडात झकास बसलं.

३

"यात नवल काही नाही," ताचिवा मॅडम म्हणाल्या. तीस वर्षं हेच केलेली बाई, कशालाच नवल म्हणत नसे. "असा एक प्रकार असतो. माणसाला स्वतःहून बोलता येत नाही, पण दुसऱ्याचं ऐकून परत म्हणता येतं. मी तपासलंय. वर्तमानपत्रातली लांबलचक बातमी वाचून दाखवली, त्यांनी शब्दन्‌शब्द परत म्हटली, माझ्यापेक्षा चांगली. ते दार शाबूत राहिलंय."

"पण इथे त्यांनी कोणाचं ऐकून म्हटलं? तुम्ही तर प्रश्न विचारून गप्प बसला होतात."

"पाठ असेल. दरबारातलं जुनं भाषण असेल एखादं. देवाची प्रार्थना, शिव्या, गाणी, हे सगळं शिल्लक राहतं. तुझा ट्रकचालक गातो की नाही?"

गायचा. हे पटण्यासारखं होतं आणि आफ्रियेने ते पटवून घेतलं. फक्त दोन हलके आवाज राहिले होते, त्यांना काय म्हणून लिहायचं ते कळेना. तिने पोकुवाला फोन लावला.

"सपाता असतील," पोकुवा म्हणाली. "राजासमोर उभं राहताना पाय सपातांतून बाहेर काढतात ना. राजाचं ऐकायचं तर पाय उघडे हवेत. सवयीचे आहेत मामा. ताई, पण छान बोलले ना ते?"

"छान बोलले," आफ्रिये म्हणाली, आणि कंसात लिहिलं: सपाता काढल्याचा आवाज, दोन्ही पाय.

पुढच्या मंगळवारीही तेच झालं. काल काय केलं, या प्रश्नावर आधी नानांचे तुटके शब्द: बसलो, ऊन, पोकुवा. मग सपाता. मग शांतता. आणि मग, "सांगणं असं आहे की काल बाजारावर ढग आले आणि न बरसता गेले, पोकुवाने कंद करपवला आणि तो शेजारच्या कुत्र्याने खाल्ला, घरात कोणी उपाशी झोपलं नाही."

कंद खरंच करपला होता. पोकुवाने ते स्वतः लाजत कबूल केलं. म्हणजे हे जुनं भाषण नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, म्हणजे सुधारणा आहे. आफ्रिये हो म्हणाली. पण त्यांच्या खोलीतून बाहेर पडताना तिच्या मनात एक क्षुल्लक शंका घोळत होती. सुधारणा असेल तर मधलं एखादंच वाक्य का सुधारतं? त्याच्या आधीचे आणि नंतरचे शब्द तर जसे होते तसेच लंगडे होते.

४

ती गोष्ट तिला सापडली ती निव्वळ तिच्या चोखपणामुळे. दुसरं कोणी असतं तर 'लांब शांतता' असं लिहून मोकळं झालं असतं.

संगणकाच्या पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. बोलणं असेल तिथे ती फुगते, शांतता असेल तिथे सपाट होते, आणि सपाट तुकडा निवडला की तो किती सेकंदांचा ते खाली उमटतं. पहिल्या नमुन्यात सपाता निघाल्यापासून वाक्य सुरू होईपर्यंत अकरा पूर्णांक चार सेकंद होते. वाक्याची लांबी अकरा पूर्णांक चार. दुसऱ्या नमुन्यात शांतता तेरा पूर्णांक नऊ, वाक्यही तेरा पूर्णांक नऊ.

माणूस मनात वाक्य जुळवतो, मग बोलतो, त्याला तेवढाच वेळ लागत असेल. तिने स्वतःवर करून पाहिलं, जुळलं नाही. मोजण्यात गडबड असेल म्हणून फीफीला काही न सांगता तिने ते दोन नमुने ताडून पाहायला दिले.

फीफीने संध्याकाळच्या आत कागद आणून ठेवले. आकडे तेच होते.

"हे बघ," तो म्हणाला, "हा म्हातारा घड्याळ गिळून बसलाय की काय?" पण नेहमीसारखा हसला नाही. खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. "आफ्रिये, त्या शांततेत मी आवाज पार वरपर्यंत वाढवून ऐकला."

"मग?"

"काही नाही. तेच सांगतोय. आतली खोली आहे ती, आवाज शोषायला भिंतींना अंड्यांचे ट्रे लावलेत, पंखा बंद. तरी मॅडमचा श्वास ऐकू येतो, बाहेरचा कावळा ऐकू येतो. सपाता निघाल्या की मात्र कावळाही नाही. मॅडमचा श्वासही नाही. मग नाना बोलायला लागले की सगळं परत येतं." तो उठला. "यंत्र जुनं झालंय. दुरुस्तीवाल्याला बोलावू या."

दुरुस्तीवाला आला, यंत्र ठीक आहे म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

पोकुवाने पहिल्याच दिवशी सांगितलेलं आफ्रियेला त्या दुपारी आठवलं. राजाचं वाक्य जेवढं, मामांचं तेवढंच. आधी राजा बोलतो. ओचामे ऐकतो. राजाचं संपलं की ओचामे सांगतो.

ज्या राजाची काठी नानांनी धरली तो दोन वर्षांपूर्वी 'गावी गेला' होता. राजाला मेला म्हणत नाहीत. आफ्रियेने तो विचार तिथेच थांबवला, पाणी प्यायली आणि नवा नमुना उघडला.

५

तिसऱ्या मंगळवारचं वाक्य चित्राविषयी नव्हतं, कालच्या दिवसाविषयीही नव्हतं. मॅडमनी शेळीवर बोट ठेवून विचारलं होतं, ही काय करतेय? सपाता निघाल्या. दहा पूर्णांक सहा सेकंद.

"भिंतीपलीकडे जी लिहिते तिला सांगणं असं आहे की तिचा कान चोख आहे, आणि तिचं तोंड कानाहून चोख आहे, असं तोंड कोणी वाया जाऊ देत नाही."

खरं सांगायचं तर आफ्रियेला आधी भीती वाटली नाही. तिला बरं वाटलं. सहा वर्षांत तिच्या कामाला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं. आईने नाही, मॅडमनी नाही, फीफीने तर नाहीच. तिने ते वाक्य पुन्हा लावलं. पुन्हा म्हटलं. अकरा वेळा म्हटलं ते तिने नंतर मोजलं, तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली. अकराव्या वेळी तर ती आणि तो आवाज एकदमच वाक्याच्या शेवटाला पोचले.

मग तिच्या ध्यानात आलं की ती ऐकलेलं तोंडाने म्हणत लिहिते हे नानांना कोणी सांगितलंच नव्हतं.

चौथ्या मंगळवारी ती काचेजवळच्या टेबलावर बसून तोच तिसरा नमुना तपासत होती. काचेपलीकडे नवं मुद्रण चालू होतं. तिने मान वर केली तर नाना तिच्याकडे बघत होते. तिच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. ओठ हलत होते; ती त्यांचंच वाक्य म्हणत होती. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिला रागासारखं वाटलं, आणि ती खजील होऊन तोंड फिरवून बसली.

दुपारी तिने तो नमुना लावला. मॅडम प्रेमाने विचारत होत्या, "काठीचं काय ठरवलंत नाना? ठेवायची ना?"

आणि नाना स्वतः बोलू लागले. आफ्रियेने एवढी मेहनत कधी ऐकली नव्हती. प्रत्येक शब्द खोल विहिरीतून पोहऱ्याने काढावा तसा वर येत होता, अर्धा सांडत होता, आणि ते पुन्हा पोहरा सोडत होते.

"काठी... नको." वीस सेकंद. "जड." गिळल्याचा आवाज. "रोज... येतो. माझं... तोंड... घेतो."

"कोण येतो, नाना?"

सपाता निघाल्या. एक, आणि दुसरी फरफटत, धरून ठेवलेल्या पायातून ओढून काढावी तशी. शांतता. मग तोच खणखणीत आवाज.

"सांगणं असं आहे की काठी ज्या हातात होती त्याच हातात राहील, विचारणारीचं समाधान झालं असावं."

त्यानंतर रडणं होतं. एक म्हातारा आवाज दाबून रडत होता. मॅडम "पाणी आणते हं" म्हणून उठल्या, दार लागलं. खोलीत नाना एकटे होते, यंत्र चालूच होतं. खुर्ची करकरली, ते यंत्राजवळ वाकले असावेत, कारण श्वास अगदी कानाशी आला.

"मुली," ते म्हणाले. "ओठ... मीट."

आफ्रियेने ते लिहिलं. पोकुवा दाराबाहेर कोणाशी तरी गप्पा छाटत असणार, तिलाच म्हटलं असेल, असं तिला वाटलं. पोकुवाला गप्प बस म्हणावं असं कोणालाही वाटलं असतं. तिने पुढे कंसात लिहिलं: भाचीला उद्देशून.

६

पाचवा मंगळवारही तसाच गेला आणि अहवालाची वेळ आली. पोकुवा सकाळीच येऊन बसली होती, हातात टोमॅटोची पिशवी, आफ्रियेसाठी आणलेली.

"ताई, ती चांगली वाक्यं आहेत ना, तीच वर ठेवा. ते अं-अं, पडलो-बिडलो खाली असू दे कुठेतरी. पंच काही शेवटपर्यंत वाचत नाहीत."

"तुझ्या मामांना काठी नकोय, पोकुवा. त्यांनी स्वतः सांगितलंय."

"आणि हवीय असंही सांगितलंय की. मी ऐकलंय, मॅडमनी ऐकवलं. किती सुंदर सांगितलंय." तिचे डोळे भरले. "तुम्ही त्यांना आत्ता पाहताय. मी त्यांना काठी धरून पाहिलंय. त्या आवाजासाठी माणसं रडायची. तो आवाज परत आलाय, आणि तुम्ही तो पुसणार?"

आफ्रियेने टोमॅटोची पिशवी बाजूला सरकवली. तो आवाज तिलाही सुंदर वाटत होता. पाचही नमुने समोर पसरून ती दुपारभर बसली. एका बाजूला पाच वाक्यं, निर्दोष, तालेवार. दुसऱ्या बाजूला त्रेपन्न शब्द, फुटके, घामाने भिजलेले. कुठल्याही पंचाने पहिलीच उचलली असती. पण सहा वर्षं तिने माणसांना शब्द शोधताना ऐकलं होतं, आणि शोधलेला शब्द कसा ऐकू येतो ते तिला कळत होतं. त्या पाच वाक्यांत शोध नव्हता. ती वाक्यं नानांना कष्टच देत नव्हती. आणि त्या त्रेपन्न शब्दांत एक माणूस दरबारच्या सगळ्या दिवसांपेक्षा मोठं काम करत होता: स्वतःच्या बाजूने बोलत होता. तिला वाटलं, ओचामे दुओदूंचं सगळ्यात थोर भाषण आपण उतरवलंय आणि ते 'काठी नको' एवढंच आहे.

जे ऐकलं ते लिही. पण कोणी बोललं हेही लिहावंच लागतं. तिने ती पाच वाक्यं रुग्णाच्या ओळीतून काढली, खाली एक नवी ओळ केली आणि डाव्या बाजूला खुणेची जागा कोरी ठेवली.

मॅडमनी चष्मा वर केला. "हा तिसरा कोण?"

"मला माहीत नाही."

"आवाज नानांचा आहे, आफ्रिये."

"आवाज त्यांचा आहे. बोलणं त्यांचं नाही. तुम्हीच म्हणालात, ते फक्त ऐकलेलं परत म्हणू शकतात."

ताचिवा मॅडमनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. त्या खोलीत नानांसमोर पाचही वेळा त्या बसल्या होत्या, आणि त्या शांततेत त्यांना काय वाटलं होतं ते त्यांनी आजवर कोणाला विचारू दिलं नव्हतं. त्यांनी दंडावरून हात फिरवला, थंडी वाजल्यासारखा, आणि सही केली.

"त्रेपन्न शब्द," त्या म्हणाल्या. "तेवढेच कळव."

७

काठी गेली. रविवारी दरबार भरला, कागद वाचला गेला, आणि पोकुवाच्या भावाच्या हातात काठी दिली. पोकुवा पुढच्या मंगळवारी आली ती तोंड फुगवून. पण तिला जास्त वेळ गप्प राहता येत नसे.

"मला वाटलं मोडून पडतील. तर घरी येऊन दोन वाट्या सूप प्यायले आणि दुपारभर घोरत होते. दोन वर्षांत असे झोपले नव्हते. मी तुमच्यावर रागावलेय ताई, पण कमी."

त्या दिवशीचा नमुना आफ्रियेने मुद्रण चालू असतानाच ऐकला. शांतता होत्या, तीन सेकंदांच्या, सतराच्या, सहाच्या, कशाही. सगळ्यांत कावळा ओरडत होता. सपाता एकदाही निघाल्या नाहीत. मॅडमनी विचारलं, आता बरं वाटतंय का, आणि नानांनी पोहरा सोडला, ओढला, पुन्हा सोडला.

"मी... झोपलो," ते म्हणाले. मग, आणखी एक काढून, "मीच."

आफ्रियेने हेडफोन काढले आणि डोळे पुसले. काचेपलीकडून नाना तिच्याकडे बघत होते, पुन्हा तिच्या ओठांकडे. ते उठले, पोकुवाच्या आधाराने अलीकडच्या खोलीत आले, आणि डाव्या हाताचं बोट आपल्या ओठांवर ठेवून त्यांनी विचारलं, "मुली... मिटले?"

तेव्हा तिला कळलं की ते पोकुवाला म्हटलं नव्हतं.

"मिटले, नाना," ती म्हणाली. पण म्हणायला तिला थोडा वेळ लागला, आणि नानांनी तो वेळ ऐकला. एकतीस वर्षं शांतता ऐकलेला माणूस तो. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग तिने आता जवळून पाहिला, आणि तो राग कधीच नव्हता, तिच्यासाठीची भीती होती. त्यांनी तिचा हात आपल्या चांगल्या हातात घेतला आणि पोकुवा ओढेपर्यंत सोडला नाही.

८

एक वाजला. फीफीने केंकेची पानं सोडली, आज पहिल्यांदा त्याने न हरता स्वतःहून आणलं होतं. खोलीत आंबूस मक्याचा आणि तळलेल्या मासळीचा वास पसरला.

"म्हाताऱ्याला सोडवलंस की गं," तो म्हणाला. "मानलं तुला. बोल, मिरचीची लाल चटणी देऊ की काळी?"

काळी. तिला काळीच आवडायची; तिला ते माहीत होतं, फीफीलाही माहीत होतं. तिने तोंड उघडलं. शब्द होता तिथे काही नव्हतं, फक्त तो जिथे असायचा ती जागा.

टेबलाखाली तिच्या उजव्या पायातून चप्पल निघाली. मग डाव्या. तिने पाय हलवले नव्हते. फरशी गार लागली.

खिडकीबाहेरचा कावळा थांबला. फीफीचं चावणं थांबलं, म्हणजे त्याचा जबडा हलत होता पण आवाज येत नव्हता. आणि त्या शांततेत तिच्या डाव्या कानाशी कोणीतरी, अगदी हळू, अगदी सावकाश, मोठ्या माणसांच्या सवयीने, घाई न करता बोलत होतं. ती ऐकत होती. न ऐकणं तिला जमत नव्हतं. फीफीची नजर सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

मग तिच्या तोंडातून आलं, खणखणीत, तिच्याच आवाजात, "सांगणं असं आहे की भूक कोणाला नाही, जेवणाऱ्याने जेवावं, आणि जे उरेल ते झाकून ठेवावं."

कावळा पुन्हा ओरडला. फीफी घड्याळाकडून तिच्याकडे वळला. त्याच्या हातातला घास तसाच होता, आणि त्याला आता गंमत करायची नव्हती.

"आफ्रिये," तो म्हणाला. "हे कोण बोललं?"

याचं उत्तर तिच्याजवळ होतं. तिने डोळे मिटले आणि पोहरा सोडला. रिकामा आला. पुन्हा सोडला. कपाळावर घाम आला, मानेची शीर तटतटली, आणि नाना काचेपलीकडे कसे बसायचे, अर्धं सांडलं तरी पुन्हा कसे वाकायचे, ते तिला आठवलं. तिने तिसऱ्यांदा सोडला.

"मी," ती म्हणाली. खूप वेळाने दुसरा आला. "नाही."

फीफीने हात पुसले. कोरा कागद पुढे ओढला, आणि डाव्या बाजूला तीन खुणांसाठी जागा सोडून पहिल्या ओळीत तिचे दोन शब्द लिहिले.